जेम्स औट्रम आणि त्याची आई

चाळीसगावहून औरंगाबादकडे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरकडे, जाताना कन्नडचा घाट लागतो. जुनी माणसे, एस.टी.चे ड्रायव्हर आणि ट्रकवाले त्याला औट्रम घाट म्हणतात. इतिहासाच्या तासाला एका विद्यार्थ्याने मला विचारले की, हे औट्रम नाव कोणाचे? वर्गातल्या कोणाला ते सांगता आले नाही. खानदेशात दहा वर्षे राहिलेल्या माणसाचे नाव घाटाला उरले आणि माणूस मात्र विस्मरणात गेला. त्या प्रश्नाचे उत्तर म्हणून हा लेख लिहीत आहे.

सर जेम्स औट्रम हा ईस्ट इंडिया कंपनीचा सैनिक. पुढे तो कंपनीचा वकील झाला, म्हणजे देशी राजांच्या दरबारी बसून कंपनीच्या वतीने बोलणी करणारा अधिकारी. खानदेशातील भिल्ल, सिंधचे अमीर, बडोद्याचे गायकवाड आणि लखनौचे नबाब या सर्वांशी त्याचा संबंध आला. त्याच्या लढायांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. आपल्या समाजातील पालकांना आणि विद्यार्थ्यांना त्याच्या घराची हकीकत अधिक उपयोगाची वाटेल असे मला वाटते. म्हणून आरंभ घरापासूनच करू.

बापाचे घर

इंग्लंडमध्ये डर्बीशायर नावाचा परगणा आहे. तेथील आल्फ्रेटन गावी 1764 मध्ये जेम्सचा बाप बेंजामिन औट्रम याचा जन्म झाला. आजोबा जोसेफ औट्रम जमिनीच्या मोजणीची व व्यवस्थेची कामे पाहत. बेंजामिन इंजिनिअर झाला. विल्यम जेसप या नामवंत इंजिनिअरच्या हाताखाली त्याने क्रॉमफर्ड कालव्याचे काम केले. 1790 मध्ये भागीदारांसह बटर्ली येथे लोखंडाचा कारखाना काढला.

त्या काळी रेल्वेचे इंजिन नव्हते. खाणीतला कोळसा कालव्यापर्यंत नेण्यासाठी लोखंडी रूळ टाकीत आणि त्यावरून घोडे डबे ओढीत. असे रूळमार्ग बांधण्यात बेंजामिनचा हातखंडा होता. ट्राम हा शब्द औट्रम नावावरूनच आला अशी एक समजूत आहे. ती खरी नाही, कारण तो शब्द त्याच्याआधीच वापरात होता. पण बापाची कीर्ती किती होती ते या समजुतीवरून कळते.

1800 मध्ये बेंजामिनने मार्गारेट अँडरसन हिच्याशी लग्न केले. मार्गारेटचे वडील डॉक्टर जेम्स अँडरसन हे स्कॉटलंडमधील विद्वान गृहस्थ. शेती आणि अर्थशास्त्र हे त्यांचे विषय. त्यांनी एडिंबरो येथे एक साप्ताहिक चालविले होते. जमिनीच्या खंडाविषयी जो सिद्धान्त पुढे रिकार्डोच्या नावाने प्रसिद्ध झाला, तो त्यांनी आधीच मांडला होता. 1784 मध्ये सरकारच्या सांगण्यावरून त्यांनी स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील मासेमारीची पाहणीही केली होती. एका बाजूला कारखानदारी आणि दुसऱ्या बाजूला विद्या अशा घरात 29 जानेवारी 1803 रोजी बटर्ली हॉल या घरी जेम्सचा जन्म झाला. त्याच्या आधी फ्रान्सिस नावाचा मोठा भाऊ होता.

आईची हिंमत

1805 च्या मे महिन्यात बेंजामिन औट्रम लंडनला गेला असता मेंदूच्या ज्वराने वारला. वय अवघे एक्केचाळीस. कारखाना मोठा होता, पण व्यवहार भागीदारीत आणि कर्जात गुंतलेले होते. हिशेब होईपर्यंत घर रिकामे झाले. पाच लहान मुले घेऊन मार्गारेटबाई उघड्यावर पडल्या. जेम्स तेव्हा दोन वर्षांचा होता. त्याला बापाचा चेहराही आठवत नसावा. आपल्याकडे अशा मुलाला यतीम म्हणतात आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवणे हे पुण्याचे काम समजतात. परंतु यतीम मुलाच्या आईचा विचार आपण थोडा कमीच करतो.

तीन वर्षांनी वडील डॉक्टर अँडरसनही वारले. मार्गारेटबाईंनी आप्तेष्टांच्या मदतीवर काही दिवस काढले. मग त्या स्वतः लॉर्ड मेलव्हिल या बड्या मंत्र्याच्या भेटीस गेल्या. त्यांनी भीक मागितली नाही. माझ्या वडिलांनी सरकारचे काम केले, त्याचा योग्य मोबदला त्यांना मिळाला नाही, तो त्यांच्या मुलीच्या मुलांना मिळावा, असे त्यांचे म्हणणे होते. पदर पसरण्याऐवजी हक्क सांगणारी बाई पाहून मंत्र्यालाही नवल वाटले असेल. त्यांना लहानशी पेन्शन मंजूर झाली.

पेन्शन थोडी आणि मुले पाच. तेव्हा मार्गारेटबाईंनी एक शहाणपणाचा निर्णय घेतला. 1810 मध्ये त्यांनी बिऱ्हाड स्कॉटलंडमधील अ‍ॅबरडीन शहरी हलविले. तेथे राहणी स्वस्त आणि शिक्षण चांगले. आपल्या भागातही आईबाप मुलांच्या शिक्षणासाठी गाव सोडून तालुक्याच्या ठिकाणी खोली घेऊन राहतात. हा निर्णय त्याच जातीचा होता. जेम्स उडनी येथील शाळेत शिकला आणि 1818 मध्ये अ‍ॅबरडीनच्या मारिशल कॉलेजात गेला. अभ्यासात तो फार चमकला असे नाही. खेळात, झाडावर चढण्यात आणि मित्रांचे भांडण अंगावर घेण्यात मात्र पुढे असे.

त्या काळी गरीब पण कुलीन घरातील मुलांना हिंदुस्थानातील कंपनीची नोकरी हा एक मार्ग होता. थोरला फ्रान्सिस इंजिनिअर पलटणीचा अधिकारी म्हणून मुंबई इलाख्यात आला. 1819 मध्ये सोळा वर्षांचा जेम्सही कॅडेट म्हणून मुंबईस उतरला. तो उंचीने इतका लहान होता की बरोबरीचे अधिकारी त्याची थट्टा करीत. पुढे फ्रान्सिसचा अकाली मृत्यू झाला. घरचा भार तेव्हापासून जेम्सवर आला आणि तो आपल्या पगारातून आईला पैसे पाठवीत राहिला.

खानदेशातील दहा वर्षे

1818 मध्ये पेशवाई बुडाली आणि खानदेश इंग्रजांकडे आला. त्या आधीची पंचवीस-तीस वर्षे खानदेशाने फार हाल सोसले होते. 1802 ची होळकरांची लूट, त्यानंतरचा दुष्काळ, पेंढाऱ्यांचे आणि अरब शिबंदीचे हल्ले यांनी गावेच्या गावे ओस पडली होती. सातपुडा आणि सातमाळ्यातील भिल्लांना पूर्वी वाटा राखण्याबद्दल हक्क मिळत. ते हक्क बुडाले आणि सूडाने पेटलेल्या सुभेदारांनी त्यांची कत्तल केली. तेव्हा भिल्ल डोंगरात गेले आणि लूटमारीवर जगू लागले. नव्या सरकारनेही आधी फौज पाठवून त्यांना दाबण्याचा प्रयत्न केला. तो सफल झाला नाही. हवामानाने शिपाईच अधिक मेले.

1825 मध्ये मुंबईचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एलफिन्स्टन यांनी धोरण बदलले. भिल्लांसाठी खानदेशात तीन एजन्सी नेमल्या. वायव्येकडील एजन्सीत नंदुरबार, सुलतानपूर, पिंपळनेर आणि डांग हा मुलूख होता, म्हणजे आजच्या आपल्या नंदुरबार जिल्ह्याचा बराचसा भाग त्यातच येई. दक्षिणेची एजन्सी कन्नड येथे होती. ईशान्येकडील एजन्सी व तिच्यासोबत भिल्लांची पलटण उभारण्याचे काम लेफ्टनंट औट्रम याच्याकडे आले. वय बावीस. त्याच वर्षी बागलाणातील डोंगरी किल्ल्यावरचे एक बंड त्याने रातोरात चाल करून मोडले होते. त्यामुळे वरिष्ठांची नजर त्याच्यावर होती.

त्याने धरणगाव हे ठाणे केले. पहिल्या झटापटीत काही भिल्ल हाती लागले. त्यांच्यामार्फत त्याने डोंगरातील नायकांशी बोलणे लावले. मग तो पहारेकरी न घेता त्यांच्या पाड्यात जाऊन राहू लागला. त्यांच्याबरोबर शिकार केली, त्यांच्या आजाऱ्यांची विचारपूस केली आणि त्यांची भाषा शिकला. पहिल्याने अवघे नऊ जण पलटणीत आले. आपल्याला एकत्र जमवून मारून टाकतील अशी भीती त्यांच्या मनात होती. औट्रमने एकदा दिलेला शब्द मोडला नाही म्हणून ती भीती हळूहळू गेली आणि पलटण काही शेकड्यांची झाली. वाघाच्या शिकारीचा त्याला विलक्षण नाद होता. दहा वर्षांत दोनशेच्या आसपास वाघांच्या शिकारीत त्याचा भाग होता. त्या काळी खानदेशात किती जंगल होते याची कल्पना या आकड्यावरून येईल.

एक प्रसंग मला विशेष वाटतो. भिल्लांची पलटण मालेगावच्या छावणीत गेली असता तेथील तेविसाव्या पलटणीतील उच्च जातीच्या शिपायांनी त्यांचे स्वागत केले, त्यांना जवळ बसविले आणि पानसुपारी दिली. ज्यांना गावकुसाच्या आत कोणी येऊ देत नसे त्यांना हा मान मिळाला. भाकरी आणि पगार यांच्याइतकाच मानाचाही माणसावर परिणाम होतो, हे वर्गात मुलांना हाताळणाऱ्या प्रत्येक शिक्षकाला ठाऊक असते.

परंतु या चित्राला दुसरी बाजू आहे आणि तीही सांगितली पाहिजे. 1830 मध्ये हीच पलटण आणि फौज घेऊन औट्रमने डांगांवर स्वारी केली आणि तेथील भिल्ल राजांना नमविले. 1833 मध्ये सातपुड्यापलीकडे बडवानीच्या मुलखातील उठाव मोडला. भिल्लांना नोकरी, शेती आणि तगाई मिळाली हे खरे. त्याबरोबर त्यांचे डोंगर आणि जंगल सरकारच्या हाती गेले, हेही तितकेच खरे. ती जखम बुजली नव्हती. 1857 मध्ये खाज्या नाईक आणि भीमा नाईक यांच्यामागे सातपुड्यातील भिल्ल पुन्हा उठले आणि 11 एप्रिल 1858 रोजी अंबापाणी येथे लढाई होऊन अनेकांनी प्राण दिले. औट्रम गेल्यानंतरही त्याच्या शिपायांनी त्याची आठवण जिव्हाळ्याने ठेवली होती. दोन्ही गोष्टी एकाच डोंगरात घडल्या.

संसार आणि वकिली

1835 मध्ये औट्रमने खानदेश सोडला आणि तो गुजरातेत महीकांठ्याचा पोलिटिकल एजंट झाला. डिसेंबर महिन्यात त्याचे लग्न झाले. पत्नी आईच्याच माहेरची, मामेबहीण, आणि तिचेही नाव मार्गारेट अँडरसन. पुढील वर्षी फ्रान्सिस बॉइड हा मुलगा झाला. पण हिंदुस्थानातील हवा पत्नीला मानवेना. त्यामुळे तिला पुष्कळ वर्षे विलायतेत आणि त्याला इकडे राहावे लागले. आज आपल्या भागातील जे लोक पोटासाठी आखाती देशांत जातात, त्यांच्या घरच्यांना हा संसार कसा असतो ते वेगळे सांगावयास नको.

पोलिटिकल एजंट आणि रेसिडेंट ही पदे कशी होती ते विद्यार्थ्यांनी समजून घ्यावे. देशी राजा आपल्या गादीवर असे. त्याच्याजवळ कंपनीचा एक अधिकारी राहत असे. दिसायला तो पाहुणा आणि वकील. पण त्याच्यापाठीशी फौज असे आणि त्याचा अहवाल कलकत्त्यास जाई. त्या एका अहवालावर राज्य राही किंवा जाई. म्हणून अशा जागी माणूस कसा आहे याला फार महत्त्व होते.

1838 मध्ये अफगाण युद्ध सुरू झाले आणि औट्रम तिकडे गेला. 1839 च्या नोव्हेंबरमध्ये कलात पडल्यावर त्याने अफगाणाचा वेष घेतला आणि सय्यदांच्या सोबतीने शत्रूच्या मुलखातून समुद्रकाठच्या सोनमियानीपर्यंत सुमारे साडेतीनशे मैलांची मजल आठ दिवसांत मारली. वाटेत त्याचा जीव त्या परक्या सोबत्यांच्या शब्दावर होता. त्यांनी तो शब्द पाळला. नंतर तो सिंधमध्ये पोलिटिकल एजंट झाला.

सिंधचे प्रकरण

सिंधवर तालपूर घराण्याचे अमीर राज्य करीत. हैदराबाद, खैरपूर आणि मीरपूर अशा त्यांच्या शाखा होत्या. औट्रमचे त्यांच्याशी विश्वासाचे संबंध जुळले. हैदराबादचे मीर नूर मुहंमद खान यांनी मृत्युशय्येवर आपल्या घरच्यांवर लक्ष ठेवावे म्हणून त्याला बोलावून सांगितले होते. एका मुसलमान राजाला मरतेवेळी कंपनीच्या अधिकाऱ्याचा आधार वाटावा, ही साधी गोष्ट नाही.

1842 मध्ये सर चार्ल्स नेपियर हा सेनापती सिंधमध्ये आला. आधी दोघांचे चांगले जमले. एका मेजवानीत नेपियरने औट्रमला बेयार्ड या फ्रान्समधील निर्भय व निष्कलंक वीराची उपमा दिली आणि ती त्याला जन्मभर चिकटली. पण लवकरच मतभेद झाले. अमीरांवर लादलेल्या तहाच्या अटी जाचक आहेत, खैरपूरच्या वृद्ध मीर रुस्तुम खानावर अन्याय होत आहे आणि धीर धरला तर लढाई टळेल, असे औट्रमचे मत होते. ते ऐकले गेले नाही. 15 फेब्रुवारी 1843 रोजी बलुची लोकांनी हैदराबादच्या रेसिडेन्सीवर हल्ला केला. औट्रमने शंभरेक शिपायांनिशी काही तास तोंड दिले आणि तो आगबोटीवर निघून गेला. दोन दिवसांनी मियानीची लढाई झाली. अमीर हरले, कैदेत पडले आणि सिंध खालसा झाला.

लुटीची वाटणी झाली तेव्हा नेपियरच्या वाट्याला फार मोठी रक्कम आली. औट्रमचा वाटा 3,000 पौंडांचा होता. त्याच्याजवळ शिल्लक अशी नव्हती. आई म्हातारी झाली होती आणि मुलगा शाळेत होता. तरी जी लढाई आपण अन्यायाची मानतो तिचा पैसा घरात आणणार नाही म्हणून त्याने ती सर्व रक्कम हिंदुस्थानातील धर्मादाय संस्थांना देऊन टाकली. 1846 मध्ये त्याने सिंधच्या विजयावर मोठा ग्रंथ लिहून अमीरांची बाजू मांडली. बड्या सेनापतीशी वैर घेतल्याने त्याच्या बढतीला धक्का बसला. ज्या आईने पैशाची चणचण असतानाही भीक मागितली नाही, तिच्या मुलाला हे शोभण्यासारखेच होते.

त्यानंतर 1844-45 मध्ये कोल्हापूर व सावंतवाडीकडील गडकऱ्यांच्या बंडात तो होता, साताऱ्यास रेसिडेंट झाला आणि 1847 मध्ये बडोद्यास गेला. बडोद्याच्या दरबारात लाच देऊन मुंबईपर्यंतची कामे करून घेण्याचा धंदा चालत असे. त्याला लोक खटपट म्हणत. औट्रमने 1851 मध्ये या खटपटीवर लांबलचक अहवाल लिहिला आणि आपला हा शब्द विलायतेच्या सरकारी कागदपत्रांत जाऊन बसला. मुंबई सरकारला तो अहवाल झोंबला आणि औट्रमला बडोदे सोडावे लागले. 1854 मध्ये वरिष्ठांनी त्याची बाजू घेऊन त्याला पुन्हा त्याच जागी बसविले.

लखनौ

येथपर्यंतचा औट्रम वाचला की त्याच्याविषयी आदर वाटतो. पुढचा भाग मात्र अवघड आहे. तो गाळला तर इतिहास अर्धा राहील.

1854 च्या अखेरीस तो लखनौला रेसिडेंट म्हणून गेला. अवधचा बादशहा वाजिद अली शाह हा कलाप्रेमी आणि संगीताचा भोक्ता होता. राज्यकारभारात ढिलाई होती. गव्हर्नर-जनरल लॉर्ड डलहौसीच्या मनात ते राज्य घ्यावयाचे होते. त्याने औट्रमकडे अहवाल मागितला. औट्रम अवधमध्ये नवा होता. त्याने रेसिडेन्सीतील जुनी दप्तरे आणि आधीच्या रेसिडेंटची टिपणे चाळून मार्च 1855 मध्ये अहवाल दिला. आपल्याला तेथील स्वतःचा अनुभव नाही हे त्यात त्याने कबूल केले होते, तरी निष्कर्ष राज्याच्या विरुद्धच काढला. सिंधमध्ये जो माणूस अमीरांच्या घरात बसून त्यांची बाजू ऐकत होता, त्याने येथे कागदावर भिस्त ठेवली.

1856 च्या आरंभी हुकूम आला. बादशहाची आई मलिका किश्वर यांची आणि औट्रमची भेट झाली. त्यांचे पती अमजद अली शाह 1847 मध्येच वारले होते. ही विधवा आई आपल्या मुलाच्या राज्यासाठी, त्याचा दोष काय ते विचारण्यासाठी आणि थोडी मुदत मागण्यासाठी त्याच्याशी बोलली. मुलाने तहावर सही करावी म्हणून त्यांनी समजूत घालावी, त्याबद्दल त्यांना वर्षाला एक लाख रुपये तनखा मिळेल, असे औट्रमने सांगितले. त्यांनी ते नाकारले. 4 फेब्रुवारी रोजी औट्रम बादशहाकडे गेला. वाजिद अली शाहने तोफा गाड्यांवरून उतरवून आणि पहारेकऱ्यांची हत्यारे काढून घेऊन आपण लढणार नाही हे दाखविले होते. वर्षाला बारा लाखांची नेमणूक घेऊन राज्य सोडावे असा तह पुढे ठेवला गेला. बादशहाने सही केली नाही. त्याने डोक्यावरची पगडी काढून औट्रमच्या हाती दिली. तीन दिवसांनी अवध खालसा झाला.

वाचकहो, पन्नास वर्षांपूर्वीचा प्रसंग आठवा. मार्गारेटबाई मुलांसाठी मंत्र्याच्या दारी हक्क मागावयास गेल्या होत्या. तेव्हा मंत्र्याने ऐकून घेतले म्हणून जेम्स शिकला आणि मोठा झाला. आता दुसरी विधवा आई त्याच्यासमोर होती आणि निर्णय आधीच होऊन गेलेला होता. औट्रमला त्या वेळी आपली आई आठवली की नाही, हे त्याचे त्याला ठाऊक. हुकूम त्याने बजावला.

मलिका किश्वर थांबल्या नाहीत. धाकटा मुलगा सिकंदर हश्मत आणि नातू यांना घेऊन त्या 1856 मध्ये समुद्र ओलांडून इंग्लंडला गेल्या. पडद्यात वाढलेल्या त्या वयस्क बाईने राणी व्हिक्टोरियापुढे गाऱ्हाणे मांडण्यासाठी हे धाडस केले. 1857 च्या जुलैत भेट झाली, परंतु तोवर हिंदुस्थानात उठाव पेटला होता आणि सर्व आशा मावळली. परत येताना 24 जानेवारी 1858 रोजी पॅरिस येथे त्यांचा इंतकाल झाला आणि तेथील पेर लाशेज कबरस्तानात त्यांना दफन करण्यात आले. पुढच्याच महिन्यात सिकंदर हश्मतही लंडनला वारला. वाजिद अली शाह कलकत्त्याजवळ मटियाबुर्ज येथे राहिला आणि 1887 मध्ये तेथेच वारला.

उठाव आणि अखेर

1857 च्या आरंभी औट्रम इराणवरील मोहिमेचा सेनापती होता. तेथून परतला तो थेट लखनौच्या लढाईत. अवध खालसा झाल्याचा संताप उठावामागे होता, हे सर्व इतिहासकार मान्य करतात. लखनौत बेगम हजरत महल उठावाचे नेतृत्व करीत होत्या. सप्टेंबरमध्ये वेढ्यातील रेसिडेन्सी सोडविण्यास औट्रम आणि हॅवलॉक निघाले. औट्रम पदाने वरचा होता, पण हॅवलॉकने आधी केलेल्या श्रमाचे श्रेय त्यालाच मिळावे म्हणून त्याने सेनापतिपद त्याच्याकडे राहू दिले आणि आपण स्वयंसैनिक म्हणून लढला. नंतर आलमबाग त्याने मार्च 1858 पर्यंत लढवून राखला.

उठावाची झळ त्याच्या घरालाही लागली. मुलगा फ्रान्सिस बंगालच्या मुलकी सेवेत अलीगढला होता आणि लेडी औट्रम त्याच्याकडे आल्या होत्या. अलीगढच्या शिपायांनी उठाव केला तेव्हा त्यांना जीव वाचवून आग्र्याच्या किल्ल्यात जावे लागले. ज्या अलीगढहून ही बाई पळाली, त्याच गावी 1875 मध्ये सर सय्यद अहमद खान यांनी शाळा काढली आणि आपल्या समाजाच्या आधुनिक शिक्षणाचा पाया घातला.

लखनौ पडल्यावर लॉर्ड कॅनिंगने अवधच्या जवळजवळ सर्व जमीनदारांच्या जमिनी जप्त करण्याचा जाहीरनामा काढला. तेव्हा औट्रमने विरोध केला. ही शिक्षा अति होईल आणि लोक निराश होऊन लढतच राहतील, असे त्याने कळविले. त्याच्या आग्रहामुळे जाहीरनाम्यात सौम्यतेचे कलम आले आणि पुढे बहुतेक तालुकदारांना जमिनी परत मिळाल्या. उशिराने का होईना, सिंधचा औट्रम पुन्हा दिसला.

1858 मध्ये त्याला बॅरोनेट हा वंशपरंपरागत किताब मिळाला. 1860 मध्ये प्रकृती खालावल्याने तो हिंदुस्थान सोडून गेला. 11 मार्च 1863 रोजी फ्रान्समधील पो येथे तो वारला आणि लंडनच्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेत त्याला पुरण्यात आले. कलकत्त्यात त्याचा घोड्यावरचा पुतळा उभारला गेला. तो आता व्हिक्टोरिया मेमोरियलच्या आवारात आहे. किताब मुलगा फ्रान्सिसकडे गेला. नातू जेम्स हा धर्मोपदेशक होता आणि गिर्यारोहक म्हणून नावाजला. 1901 मध्ये त्याने कॅनडातील असिनिबॉइन शिखर प्रथम सर केले. बेंजामिनच्या रुळांपासून नातवाच्या डोंगरांपर्यंत अशी ही चार पिढ्यांची कथा.

विद्यार्थी मित्रांनो, औट्रमला देव मानण्याचे कारण नाही आणि राक्षस ठरविण्याचेही नाही. तो प्रामाणिक होता. शब्दाचा पक्का होता. अन्यायाचा पैसा त्याने घेतला नाही. तरीही तो ज्या कंपनीचा नोकर होता तिचा हेतूच दुसऱ्यांची राज्ये घेण्याचा होता. म्हणून त्याचा प्रामाणिकपणा सिंध वाचवू शकला नाही आणि लखनौला तर तो स्वतःच तिचा हात झाला. उद्या तुमच्यापैकी कोणी कचेरीत, पोलिसात किंवा कोर्टात खुर्चीवर बसेल. त्या वेळी फाइलीतले सर्व वाचा, पण फाइलीबाहेर उभ्या असलेल्या माणसाचेही ऐका. औट्रमने धरणगावात आणि सिंधमध्ये ते केले म्हणून त्याचे नाव राहिले. लखनौत ते केले नाही म्हणून त्या नावाला डाग लागला.

पालकांना सांगावयाचे ते थोडेच आहे. आपल्या वस्तीत अशा अनेक माता आहेत की ज्यांच्या घरचा कर्ता माणूस गेला आहे आणि ज्या शिवणकाम किंवा मोलमजुरी करून मुलांना शाळेत पाठवितात. फीसाठी, स्कॉलरशिपच्या फॉर्मसाठी त्या कचेरीच्या दारात उभ्या राहतात. त्या भीक मागत नसतात. मार्गारेटबाईंप्रमाणे त्या मुलांचा हक्क मागत असतात. त्यांचे आपण ऐकून घेतले पाहिजे. ज्यांचे लहानपणी कोणी ऐकून घेतले, त्यांनी मोठेपणी दुसऱ्याचे ऐकावे एवढी अपेक्षा ठेवून हा लेख पुरा करतो.